आठवड्याची सरासरी

फरशीवर कपाचे एकतीस तुकडे होते. कान अखंड, तो एक. बुडाचे दोन. काठावरची निळी रेघ ओळखू येत होती असे अकरा, आणि नखापेक्षा मोठे पण कपाच्या कुठल्या भागाचे ते सांगता येणार नाही असे सतरा. चुरा त्यानं मोजला नाही. चुरा मोजायला चाळण लागते. सगळ्यात लांब गेलेला तुकडा भिंतीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून होता, म्हणजे बायको उभी होती तिथवर. सहा तुकडे चपलांच्या मांडणीवर होते, त्यातले दोन त्यांच्या मुलीच्या, ठमीच्या सपातेत. भिंतीवर अंगठ्याच्या नखाएवढी, चंद्रकोरीसारखी खोक पडली होती आणि तिथून निघालेला चहा अजून खाली यायचा थांबला नव्हता. सात वाजून एकवीस मिनिटं झाली होती. कप त्यानं फेकला तेव्हा सात अकरा झाले होते. मधल्या दहा मिनिटांत बायको ठमीला घेऊन निघून गेली होती आणि तो होता तिथंच उभा होता. त्याच्या डाव्या हाताला पट्टी गुंडाळलेली होती. उजवा हात मोकळा होता.

गुरुवार होता. रविवारनंतर त्यानं व्यायामाला हात लावला नव्हता, म्हणून आज साडेसहाला उठून गॅलरीत जायचं असं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. गॅलरीत छताच्या कडीला ठोसे मारायची वाळूची पिशवी टांगलेली होती, पस्तीस किलोची, मधोमध काळी पडलेली. पण उठतो न उठतो तोच पुलाच्या कामावरच्या इंजिनिअरचा फोन आला, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचणीचे निकाल दहाच्या आत हवेत म्हणून. तो फोन चालू असतानाच दुधाचं भांडं उतू गेलं, मग ठमीचा एक मोजा सापडेना, आणि सात दहाला बायको म्हणाली, "आज तिला तू सोड. माझं दुकान आज लवकर उघडायचंय." ती चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. तो म्हणाला, "मला अकरा मिनिटं दे." त्यानं हिशेब केला होता, निघायला सात बावीसपर्यंत चालणार होतं. ती हसली. "राहू दे आज, पहिलवान. एक दिवस नाही मारलंस तर तुझी पिशवी काय रुसून माहेरी जाणार आहे?" आणि त्याच्या मोकळ्या हातात तिनं चहाचा कप दिला.

त्यानंतरचं त्याला आठवत होतं, पण बाहेरून बघितल्यासारखं. राग आला असं म्हणता आलं नसतं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, तसं काही झालं नाही. मस्तकाला काही कळायच्या आत काम झालेलं होतं. उजवी टाच उचलली गेली, कंबर वळली, खांदा मागून पुढे आला, मनगट शेवटच्या क्षणी ताठ झालं. रोज पिशवीसमोर जसं व्हायला हवं तसंच, किंबहुना जरा जास्तच नेटकं. शरीर शिकलेलं होतं आणि शिकवणारा तोच होता. आवाज झाला. ठमी मांडणीपाशी भिंतीला टेकून उभी होती, पाण्याची बाटली गळ्यात. नेमकी त्या क्षणी ती मोजा वर ओढायला वाकली होती. ती वाकली ती वाकलेलीच राहिली. दोन्ही हात मोज्यावर, केसांत पांढरा चुरा. रडली नाही. बायको तिच्याजवळ गेली, तिचे केस झटकले, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तिच्या डोक्यावर होता तो."

"भिंतीवर फेकला मी. हातभर वरून गेला."

"हातभर?"

"निदान हातभर."

ती ठमीला घेऊन बाहेर पडली. दार आपटलं नाही. दोन बोटांनी अलगद लावून घेतलं, आतलं कुणी जागं होऊ नये म्हणून लावतात तसं. ते त्याला आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानं तुकडे वर्तमानपत्रात बांधले, पट्टी सोडली आणि कामावर निघाला. रस्त्यावर नेहमीचीच गर्दी होती, पण आज प्रत्येक माणसाला त्याला मान, बरगडी, नाक असे सुटे भाग दिसत होते. समोरून फोनवर बोलत येणारा एक गृहस्थ त्याच्या खांद्याला खांदा घासून गेला. त्या गृहस्थाचा जबडा कुठल्या कोनातून किती भाराला निखळेल याचं उत्तर त्याच्या हातात लगेच तयार झालं, पाढे पाठ असलेल्या मुलाच्या तोंडात यावं तसं. त्यानं हात खिशात घातले. खिशात वही होती. दहा वर्षांपासून प्रत्येक दिवसासमोर दोन आकडे लिहिलेली ती वही. आधीच्या चार वह्या कपाटात होत्या. पहिला आकडा व्यायामाची मिनिटं. दुसरा, त्या दिवशी हात किती वेळा शिवशिवले.

हे मोजणं त्यानं शोधून काढलं नव्हतं, ते त्याच्या घरातच होतं. त्याचे वडील एका बेकरीत पीठ मळायचे. पहाटे चार ते दुपारी बारा, लाकडी परातीत कोपरापर्यंत हात घालून नव्वद किलो. घरी यायचे तेव्हा त्यांचे हात मांडीवर दोन मेलेल्या माशांसारखे पडून असायचे. पेला उचलताना बोटं थरथरायची. बेकरीला मंगळवारी सुट्टी. आणि मंगळवारी त्याच्या घरात सकाळपासून कुणी चमचासुद्धा वाजू द्यायचं नाही, कारण मंगळवारी हात ताजे असायचे. भाजीत मीठ कमी पडायचं मंगळवारी. दाराची कडी नीट लागलेली नसायची मंगळवारी. एकदा त्याचा मोठा भाऊ शिंकला म्हणून मार खाल्ला, तो मंगळवार. नऊ वर्षांचा असताना त्यानं भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर अकरा आठवडे फुल्या मारल्या होत्या. मंगळवारच्या नऊ, बाकी सगळ्या वारांच्या मिळून दोन. तेव्हा त्याला कुणी विज्ञान शिकवलेलं नव्हतं, पण ते पान बघून त्याला जे वाटलं ते भीतीपेक्षा वेगळं होतं. उत्तर सापडल्याचा आनंद होता तो, अगदी निखळ, आणि त्या आनंदाची लाज त्याला अजून वाटायची. माणसाचा दोष नाही, दोष हातांचा. हात दमले की माणूस चांगला.

मग बेकरीत मळायचं यंत्र आलं. वडिलांना कळ दाबायच्या कामावर ठेवलं. पगार तोच, कष्ट कमी, शेजारणी आईला म्हणाल्या, सुटला हो बिचारा त्या कष्टातून. त्या दिवसापासून आठवड्याचे सातही वार मंगळवार झाले. पंधराव्या दिवशी आईचं मनगट मोडलं. लाटणं लागल्याचा तो आवाज, कोरडा, फार मोठा नाही, त्याला पुढं नोकरीला लागल्यावर प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाला: ठोकळा फुटायच्या आधी आतून पहिली चीर जाते तेव्हाचा. आई दवाखान्यात म्हणाली, ओल्या फरशीवर घसरले. डॉक्टरांनी लिहून घेतलं. तोही शेजारी उभा होता. त्याला वाटलं होतं, बेकरीवाल्यांना सांगायला हवं, यंत्र काढून टाका म्हणून.

स्वतःचे हात त्याला बाविसाव्या वर्षी कळले. कॉलेजच्या खोलीत सोबत राहणाऱ्या मुलानं त्याच्या गुणांवरून साधी थट्टा केली, आणि पुढच्या क्षणी त्या मुलाचा गळा त्याच्या मुठीत होता आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटत होतं. तीन वेळा आपटल्याचं इतरांनी सांगितलं. चौघांनी ओढून काढलं. त्याच आठवड्यात त्यानं वाळूची पिशवी आणली. आणि मग शिस्तीत प्रयोग केला. एक महिना रोज दहा मिनिटं: शिवशिव दिवसाला पाच वेळा. एक महिना वीस: तीन. तीस: एक. चाळीस: शून्य. पन्नास करून पाहिली, शून्याच्या खाली जायला जागाच नव्हती. चाळीस मिनिटं. लग्न ठरलं तेव्हा बायकोला त्यानं फक्त एवढंच सांगितलं की मला सकाळची चाळीस मिनिटं लागतात. ती म्हणाली, बरं आहे की, दारू नाही, सिगारेट नाही, घाम गाळतोस. मैत्रिणींना ती कौतुकानं सांगायची. त्यांच्या नवऱ्यांची पोटं सुटत होती.

लग्नाला आता आठ वर्षं झाली होती. पहिली काही वर्षं चाळीस मिनिटं टिकली, म्हणजे ओढूनताणून टिकवली. ठमी झाल्यावर पस्तीस. तिची शाळा सुरू झाल्यावर तीस. कंपनीच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम किती करता? त्यानं आकडा सांगितला. "उत्तम," डॉक्टर म्हणाले. "लोक तर जिन्याकडे बघूनच दमतात." त्यानं विचारलं, "यापेक्षा कमी चालेल का? किमान किती?"

"कशासाठी? वजनासाठी, हृदयासाठी, साखरेसाठी?"

"हातांसाठी."

डॉक्टरांनी त्याची बोटं हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला. "घरात सांधेदुखी आहे कुणाला?"

"वडिलांचे हात दुखायचे," तो म्हणाला.

मग पुलाचं काम आलं, तीन महिन्यांपूर्वी. प्रयोगशाळेत येणारे ठोकळे दुप्पट झाले, सुट्टी फक्त रविवारची, घरी यायला आठ. रोज तीस मिनिटं कुठून आणायची? वेळ काही ताणल्यानं लांबत नाही. तेव्हा त्याला ती युक्ती सुचली होती. किमान पंचवीस धरू. आठवड्याची एकशे पंचाहत्तर. ती सगळी रविवारी. सकाळी एक तास, दुपारी एक तास, संध्याकाळी पंचावन्न मिनिटं. पहिल्या रविवारी पट्टीतून रक्त आलं, तिसऱ्या रविवारी शेजारच्या आजोबांनी भिंतीवर काठी वाजवली, पाचव्या रविवारी पिशवीची शिवण उसवून वाळू गॅलरीभर झाली आणि त्यानं ती उसवलेलीच मारली. रविवारी रात्री त्याचे हात मांडीवर पडून असायचे. ठमी त्यावर आपली बाहुली झोपवायची. वहीत प्रत्येक आठवड्याखाली तो लिहायचा: सरासरी, पंचवीस. दुसऱ्या रकान्यातले आकडे मंगळवारपासून चढत होते. तेही तो लिहीत होता. अक्षर सुबक होतं.

प्रयोगशाळेत ठोकळे तयार होते. पंधरा सेंटिमीटर बाजूचे तीन, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेले, आता पुसून ओळीनं मांडलेले. ते उचलून ठेवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे ठोकळेमामा म्हणत. त्यांचे पंजे फावड्यासारखे होते आणि आवाज बारीक. "आज तोंड का पाडलंत साहेब? घरात भांड्याला भांडं लागलं?"

"कप फुटला."

"फुटायचेच. आमच्या हिनं लग्नातला एकही कप शिल्लक ठेवला नाही. धुताना बरं का. मी आपला ठोकळे सांभाळतो."

त्यानं पहिला ठोकळा यंत्राच्या दोन पोलादी जबड्यांमध्ये मध्यावर बसवला. भार वाढवायचा तो एकाच संथ गतीनं, सेकंदाला ठरलेला तेवढाच. घाई केली तर ठोकळा असतो त्याहून मजबूत भासतो, हे या कामातलं पहिलं शिक्षण. काटा चढत गेला. अडीच मिनिटं काहीच होत नाही, हे त्याला नेहमी आवडायचं. दगडासारखी वस्तू दगडासारखी बसलेली, आणि आत, कुणाला न दिसता, एकेक कण जागा सोडतोय. मग तो कोरडा आवाज. मग चारही बाजूंनी कवचं फुटून जाळीवर आदळली. मजबुतीचा आकडा अडतीस पूर्णांक दोन. दुसरा, एकोणचाळीस पूर्णांक एक. तिसरा ठोकळा दिसायला जुळा भाऊच होता. दोन मिनिटांच्या आतच तो आवाज झाला, आणि फुटला तोही नीट नाही, एका कोपऱ्यातून सपशेल भुगा झाला. धूळ उडाली. मामांनी डोळे मिटले. सत्तावीस पूर्णांक चार.

दहाला पाच कमी असताना इंजिनिअरचा फोन आला. "सरासरी सांगा."

"चौतीस पूर्णांक नऊ. पण लिहिता येणार नाही. एक ठोकळा सरासरीपेक्षा एकवीस टक्क्यांनी खाली आहे. पंधराच्या पुढे गेला की तिन्ही रद्द."

"अहो, आम्हाला तीस पाहिजे होते, तुम्ही चौतीस देताय. वर चार फुकट. कशाला घोळ घालताय?"

"सरासरी कुणाला धरून ठेवत नाही," तो म्हणाला. "भार जिथं कच्चं आहे तिथंच बसतो. बाकीचे दोन कितीही चांगले असले तरी."

पलीकडून शिवी आली असावी. त्याला ती ऐकू आली नाही. फोन कानाला तसाच धरून तो जाळीच्या आतल्या भुग्याकडे बघत होता. खिशातली वही मांडीला लागत होती. हे वाक्य त्यानं गेल्या सहा वर्षांत किमान दोनशे वेळा लोकांना ऐकवलं होतं, आणि बारा रविवार स्वतःच्या वहीत सरासरी लिहिली होती. मामांनी झाडू आणला. ते खाली वाकले आणि त्याला वाकलेली ठमी दिसली, तिच्या दोन शेंड्यांमधला सरळ भांग, त्यावरचा चुरा. त्याचा हात फोनवर इतका आवळला गेला की पडद्याला तडा गेला. मामा वळून बघत होते. ते दोन पावलं मागं सरले होते, बहुधा त्यांनाही ते कळलं नसावं. तो मात्र त्या दोन पावलांचं अंतर बघत राहिला. आई अशीच सरकायची. कुठंही उभी असली तरी भिंतीशी, आणि नेहमी दोन पावलं.

अर्धी रजा टाकून तो तीनला घरी आला. पोलादी मोजपट्टी खिशातच राहिली होती. बायको आधीच आलेली होती. पलंगावर उघडी बॅग होती आणि ती ठमीचे फ्रॉक घड्या घालून ठेवत होती, दुकानात भिंगं पुसून ठेवावीत तसे, एकेक उजेडात धरून.

"ठमी?"

"माझ्या बहिणीकडे. मावशीनं तिला विचारलं, काय झालं गं, तर म्हणाली, बाबांचा कप पडला." तिनं घडी घातली. "वरच्या दिशेनं पडला बहुतेक."

मग त्यानं सगळं सांगितलं. बेकरी, मंगळवार, यंत्र, आईचं मनगट, चाळीस मिनिटं. उभ्यानंच सांगितलं, दाराशी, हात पाठीमागं धरून. सांगताना त्याच्या लक्षात आलं की तो आकडे जास्त सांगतोय आणि माणसं कमी. फ्रॉक संपले तशी ती मोज्यांच्या जोड्या लावायला लागली.

"म्हणजे आठ वर्षं," ती म्हणाली, "मी वाळूच्या पिशवीच्या भरवशावर झोपले."

"सांगितलं असतं तर?"

"तर सकाळी डबे भरायला तुला उभं केलं नसतं. चाळीस काय, साठ मिनिटं दिली असती. मी लोकांना सांगत फिरले, आमच्याकडे तब्येतीची फार काळजी." तिचा आवाज चढला नाही. "आणि कधी ताप आला असता तुला, आठवडाभर अंथरुणात पडला असतास, तर? तेव्हा आम्ही कुणाच्या घरी जायचं होतं? त्याचाही रकाना आहे वहीत?"

रकाना नव्हता.

"मी तिच्यावर फेकला नाही," तो म्हणाला. "तिचा नेम धरला नव्हता. हातभर वरून गेला तो. एवढं तरी खरं आहे. सकाळपासून तेवढं एकच धरून बसलोय मी."

ती पहिल्यांदाच त्याच्याकडे बघायला वळली. फार वेळ बघत राहिली, चुकीच्या नंबरचं भिंग लागलेल्या माणसासारखी.

"मी बाजूला उभी होते, मला नीट दिसलं नसेल," ती म्हणाली. "तू म्हणतोस हातभर. हातभर असेल तर मी ही बॅग इथंच ठेवते, आणि पुढं काय करायचं ते दोघं बोलू. कुणाकडे जायचं, कुणाला दाखवायचं, काय ते. नसेल तर बोलण्यासारखं काही नाही. तू मोजणारा माणूस आहेस ना? मग मोज."

दाराच्या चौकटीवर, मांडणीच्या बाजूलाच, ठमीच्या उंचीच्या रेघा होत्या. दर महिन्याच्या एक तारखेला तो तिला अनवाणी उभी करायचा, टाचा चौकटीला लावून, डोक्यावर काटकोनी गुण्या धरून, अणकुचीदार पेन्सिलीनं. ती श्वास ओढून धरायची, उंच व्हायला. शेवटची रेघ आठ दिवसांपूर्वीची होती. भिंतीवर चहा वाळून तपकिरी झाला होता. खोक मात्र पांढरीच होती, स्वच्छ.

तो गुडघ्यावर बसला. मोजपट्टीचं टोक फरशीला टेकवलं, पट्टी लंबात आहे ना ते दोनदा पाहिलं. खोकेचा मध्य पेन्सिलीनं नोंदवला. प्रयोगशाळेतल्या नियमाप्रमाणे त्यानं प्रत्येक माप तीन वेळा घेतलं, आणि दर वेळी पट्टी पुरती मिटवून पुन्हा उघडली. बायको मागं उभी होती, दोन पावलांवर. तिन्ही वेळा आकडे तेच आले. ते त्यानं मोठ्यानं वाचले.

कप लागल्याची खूण, फरशीपासून: एकशे बारा सेंटिमीटर, पाच मिलिमीटर.

ठमी, एक तारखेला, अनवाणी: एकशे चौदा सेंटिमीटर.